धाकटीच्या पहिल्या आल्बममधली घरघर

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मी स्वतः तिथे हजर होतो, तरी माझाही अजून पुरता बसलेला नाही.

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. एका दाराचा, पिस्त्याच्या रंगाचा. म्हणजे एके काळी पिस्त्याच्या. आता हा कोणता रंग म्हणायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. या तळमजल्यावरच्या वाचनखोलीत मला पुस्तकांचं कपाट म्हणून उभं केलं आहे. पूर्वी माझं दार उघडलं की गारवा यायचा, आता कागदाचा वास येतो. खरं सांगायचं तर मला उभं राहण्याचाही कंटाळा आला आहे. पण फ्रिजला आडवं करायचं नसतं म्हणतात, म्हणून उभा आहे.

मात्र मला साधंसुधं कपाट समजू नका. माझा आवाज जगभर वाजला आहे. एका मुलीच्या पहिल्यावहिल्या आल्बममध्ये, सगळ्या सुरांच्या खाली, तळाशी जो एक आवाज अखंड चालू असतो ना, तो मी आहे.

हसा, हसा. आधी सगळेच हसतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याला बाक दिला, आत पांढरा रंग मारला, पाठीला काळी जाळी लावली आणि जाळीच्या खाली मोटर बसवली. ती मोटर पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा असा काही गारठा पडला की फोरमनच्या मिशीवर बर्फ धरला आणि त्याला तो चमच्याने फोडावा लागला. फोरमन ही गोष्ट साफ नाकारतो. नाकारणारच. कोणाला आवडेल?

तिथून मी आलो तो याच इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्यांच्या घरात. घरात आई आणि तिच्या दोन मुली. थोरली लग्न करून लांब गेली. राहिल्या आई आणि धाकटी. आई घरी केक करून विकायची. सगळी इमारत तिला केककाकू म्हणते, तुम्हीही म्हणता. तिचं लोणी, तिचं क्रीम, तिची अंडी, सगळं माझ्या पोटात. दार उघड, दार लाव. दार उघड, आत बघत उभी राहा, कशाला उघडलं ते विसर, दार लाव. दिवसभर हेच. ती बाईही माझ्यासारखीच. सकाळी एकदा सुरू झाली की बंद व्हायचं नाव नाही. आम्ही दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसू. फार झालं तर ती जाता जाता माझ्या कुशीत एक थाप मारायची आणि म्हणायची, "गप रे. काय घरघर लावलीय!"

मी क्षणभर गप बसायचो. मग पुन्हा घूंऽऽ.

आता धाकटीचं सांगतो. ही पोरगी संगीत करायची. पण गात नसे, आणि आईचं ऐकाल तर वाजवतही नसे. ती आवाज गोळा करायची. एक लॅपटॉप, एक जुना कीबोर्ड, दोन स्पीकर आणि एक माइक, एवढाच तिचा संसार. आतल्या खोलीत आईच्या केकच्या खोक्यांचे डोंगर, म्हणून हा संसार तिने स्वयंपाकघरात, माझ्या शेजारी थाटला. तीन वर्षं ती तिथे बसून आल्बम करत होती. पहिला आल्बम.

"आई, एक मिनिट अंडी फेटू नकोस."

"मग काय तुझ्या कंप्युटरवर फेटू?"

"बरं, फेट. पण आधी हळू, मग वेग वाढव. हं, अस्संच. मी रेकॉर्ड करतेय."

"अंड्यांचं रेकॉर्डिंग? कोण ऐकणार आहे गं?"

"तू फेट ना."

आईने फेटली. त्या फेटण्याचा पुढे दुसऱ्या गाण्याचा ताल झाला. केकच्या डब्यांची झाकणं चौथ्या गाण्यात आली. ओव्हनची घंटी, जिन्यातली पावलं, आईचं "अगं दूध बघ!" असं ओरडणं, सगळं कापून, ताणून, उलटं करून तिने गाण्यांत घातलं. आईला स्वतःचा आवाज ओळखू यायचा नाही. "ही कोण बाई ओरडतेय?" असं विचारायची.

या सगळ्यात एक गोची होती आणि ती फक्त मला माहीत होती. धाकटीच्या कीबोर्डचा सूर लावायचं बटण सैल झालं होतं. रोज बसल्या बसल्या ती ते थोडं इकडे, थोडं तिकडे फिरवायची आणि कानाला बरं वाटलं की म्हणायची, "हं, बसलं." कशावर बसलं? तिला कधी सुचलंच नाही. ती पाठमोरी बसलेली आणि मागे मी, घूंऽऽ. ती तीन वर्षं माझ्यावर सूर लावत होती, मित्रांनो, आणि तिला वाटत होतं आपला कान फार तयार आहे!

एका छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या बाईंना तिची दोन गाणी आवडली. आल्बम काढायचा ठरला, तारीखही ठरली. आता सगळ्या गाण्यांवरून शेवटचा हात फिरवायचा होता. ते काम करणाऱ्या माणसाला धंद्यातले लोक झाडूकाका म्हणत. गाण्यातला कचरा झाडून काढण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. रेकॉर्डिंगच्या वेळी भिंतीतली मुंगी खोकली तरी ते ऐकत आणि तिला बाहेर काढत. मुंगीला नव्हे, खोकल्याला.

झाडूकाकांनी गाणी ऐकली. प्रत्येक आवाजाच्या मागे त्यांना एक घरघर ऐकू आली. अंडी फेटणं सुरू झालं की घरघर सुरू, थांबलं की बंद. झाकण वाजलं की पुन्हा थोडी. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि मला पार पुसून काढलं. एक कण ठेवला नाही.

स्वच्छ झालेली गाणी घरी आली. धाकटीने माझ्या शेजारी बसून ती ऐकली. छान वाटली. का नाही वाटणार? गाण्यातून गेलेलो मी मागे उभा राहून साथ देतच होतो! तिने काकांना कळवून टाकलं, "उत्तम. पाठवा कंपनीला."

दोन दिवसांनी कंपनीच्या बाईंचा फोन आला. धाकटीने तो स्पीकरवर घेतला, कारण तिच्या हाताला क्रीम लागलं होतं.

"हे काय पाठवलंयस?" बाई म्हणाल्या. "आधीची दोन गाणी ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. यात काही नाहीये. सगळं जागच्या जागी आहे आणि काही नाहीये. घर झाडून पुसून माणसं बाहेर काढल्यासारखं वाटतंय."

"पण मी ऐकलंय. इथे तर चांगलं..."

"मी घरी ऐकलं, ऑफिसात ऐकलं, गाडीत ऐकलं. सोमवारपर्यंत काही करता आलं तर बघ. नाहीतर ती तारीख मला दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल."

फोन बंद झाला. आई केकवर फूल काढत होती, ती थांबली. धाकटी बराच वेळ हात धूत राहिली. मग म्हणाली, "आई, हा नाही ना निघाला, तर मी तो कीबोर्ड पुन्हा उघडणार नाही. खरंच सांगते. मला जमत नसेल तर नाही जमत."

आई पुन्हा केककडे वळली. केकवरच्या फुलाला एक पाकळी मात्र जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी झाडूकाका स्वतः घरी आले. लठ्ठ, हळू चालणारा माणूस. जिना चढून दमलेले. आईने त्यांना केकच्या कडा कापून दिल्या आणि ते धाकटीच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले.

"तुझे कान बिघडलेत की माझे, एवढंच ठरवायला आलोय," ते म्हणाले. "लाव."

तिने लावलं. काका ऐकत राहिले आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. "इथे चांगलं वाटतंय," ते म्हणाले. "स्टुडिओत हेच गाणं मेलेलं आहे. असं कसं?"

आणि तेवढ्यात मी थांबलो.

आता फ्रिज अधूनमधून थांबतोच, असं तुम्ही म्हणाल. आत पुरेसं गार झालं की मोटर आपोआप बंद होते, असं शाळेत शिकवत असतील. शिकवू देत. मी त्या दिवशी मुद्दाम थांबलो. पोरीचे हाल बघवेनात मला. थर्रर्र झालो, बाटल्या एकमेकींवर आपटल्या, खट् झालं आणि स्वयंपाकघरात शांतता पसरली.

गाणं चालू होतं. पण त्याच्या पायाखालची जमीन गेली होती.

"काका," धाकटी हळूच म्हणाली, "गाणं मेलं."

"गाणं नाही मेलं बाळा," काका म्हणाले. "फ्रिज बंद झाला."

ते उठले. मी पुन्हा सुरू होईपर्यंत माझ्या कुशीला कान लावून उभे राहिले. मी सुरू झालो तेव्हा त्यांनी एका हाताने आपल्या लहानशा यंत्रावर माझा सूर मोजला. तो कोणत्याच पट्टीत बसत नव्हता. काळ्या पट्टीच्या खाली आणि पांढरीच्या वर, मधल्या फटीत कुठेतरी होता. आणि आल्बममधली सगळी गाणी त्याच फटीत राहत होती.

"तू तीन वर्षं या फ्रिजच्या सुरात गाणी केलीस," ते म्हणाले, "आणि मी शहाण्याने त्यालाच झाडून टाकलं."

आई हसायला लागली ती थांबेना. "माझा फ्रिज?" ती म्हणाली. "हा?"

मग तुम्ही विचाराल, जुनी, न झाडलेली गाणी होतीच की! होती. पण त्यांत मी तुकड्यातुकड्यांत होतो, उचकी लागल्यासारखा. धाकटीला हवा होता तो मी सलग, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये श्वास न घेता, जसा तिने तीन वर्षं ऐकला तसा. काकांनी यंत्रावर तसा सूर बनवून पाहिला. तो सरळ होता, सुती दोऱ्यासारखा. माझ्या आवाजात जो थकवा आहे तो यंत्राला कुठून येणार?

आणि नेमकी याच वेळी माझी तब्येत ढासळली. आतला गॅस कुठूनतरी झिरपून चालला होता. गार काही होईना, म्हणून मोटर थांबेना. मी दिवसरात्र चालू. पाठ तव्यासारखी तापायची. कधीकधी इतकी तापायची की मोटर स्वतःच चक्कर येऊन पडायची, खट्, आणि जरा निवली की पुन्हा कामाला लागायची.

आईने नवा फ्रिज सांगितला. शनिवारी माणसं तो घेऊन येणार होती आणि मला घेऊन जाणार होती.

"आई, शनिवार नको गं."

"माझं क्रीम वितळतंय. काल त्या वकिलीणबाईंच्या केकवरचं नाव घसरून पार खाली आलं. वाढदिवस कोणाचा तेच कळेना."

"फक्त एक रेकॉर्डिंग. शुक्रवारी."

"त्याच्यात काय उरलंय आता? सारखा चालूच असतो बिचारा. थांबतच नाही."

"तेच तर हवंय मला! तो थांबायला नकोय."

आईने हातातला चमचा खाली ठेवला. "तुला हवंय. त्याला विचारलंस?"

"फ्रिजला?"

"बरं, फ्रिजला नको. शुक्रवारी करून टाक काय ते."

शुक्रवारी दुपारी, जेवणं होऊन सगळा मजला डुलक्या काढत असताना, त्यांनी मला रिकामं केलं. बाटल्या काढल्या, कप्पे काढले, नळ आवळला, पंखे बंद केले. झाडूकाकांनी माझ्या पाठीशी माइक लावला आणि वायर दाराखालून बाहेरच्या खोलीत नेली. तिथे ते आणि धाकटी कानांवर हेडफोन लावून बसले. तिकडे आल्बम पहिल्यापासून चालू होणार आणि इकडे मी त्याच्याबरोबर शेवटपर्यंत घूं करत राहायचं, असं ठरलं.

पहिल्यांदा मी दुसऱ्या गाण्यात पडलो. खट्. मोटर निवेपर्यंत सगळे गप्प बसून राहिले. दुसऱ्यांदा तिसऱ्या गाण्यापर्यंत गेलो. खट्.

धाकटी दारात आली. तिचा चेहरा पांढराफटक. "नाही जमणार," ती म्हणाली. "उद्या तो जाणार आणि सोमवारी..."

"बस जाऊन," आई म्हणाली.

तिने केकच्या खोक्याचं एक मोठं झाकण उचललं, माझ्या मागच्या फटीत पाट टाकला, पदर खोचला आणि तिथे बसली. माझ्या मोटरीला वारा घालायला लागली. पुठ्ठ्याने, सावकाश, आवाज न करता.

"पुठ्ठा ऐकू येतोय?" तिने विचारलं.

"नाही," बाहेरून काका म्हणाले.

"मग लावा."

मित्रांनो, त्या दुपारी मी जे केलं ते आजवर कोणत्याही फ्रिजने केलेलं नाही. मोटरीचं तेल उकळत होतं. पत्र्याला चटके बसत होते. एक पाल भिंतीवरून माझ्या अंगावर आली आणि कढत तव्यावर पडल्यासारखी उडी मारून थेट शेजारच्या इमारतीत गेली. पण मी थांबलो नाही. अंडी फेटायचं गाणं गेलं. झाकणांचं गाणं गेलं. बाहेरून काही ऐकू येत नव्हतं, पण आई आवाज न करता नुसते ओठ हलवून मला सांगत होती. तिला सगळा आल्बम पाठ होता. तीन वर्षं तिने भांडी घासताना दुसरं ऐकलंय काय? "हे जिन्याचं झालं," ती म्हणायची. "आता माझं ओरडण्याचं. आता ते लांबडं, रडकं." तिच्या कोपरावरून घाम गळत होता. हात बदलत होती. एकदा तिने माझ्या पाठीला तळवा लावला आणि चटकन मागे घेतला.

मग शेवटचं गाणं सुरू झालं. ते फार संथ आहे. त्यात जवळजवळ काहीच होत नाही. पुठ्ठ्याचा वारा आता नुसता गरम येत होता. माझा आवाज कापायला लागला. इतकी वर्षं मी कधी म्हटलं नव्हतं, पण त्या दुपारी मला वाटलं, आता पुरे.

आणि मी थांबलो.

घूं खाली खाली आला, पत्रा एकदा शहारला, आणि शांत.

धाकटी हेडफोन काढून धावत आली. आई पुठ्ठा हातात घेऊन माझ्या मागून उठत होती. गुडघे धरत.

"गेला?" धाकटीने विचारलं.

"झालं," आई म्हणाली.

शेवटच्या गाण्याचा थोडा तुकडा उरला होता. काकांनी विचारलं, "त्याखाली काय घालू? आधीचा थोडा कापून जोडू का?" धाकटी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नको. जिथे तो थांबला, तिथेच आल्बम संपेल." झाडूकाकांनी त्या दिवशी एक कणही झाडला नाही.

सोमवारी कंपनीच्या बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "शेवटी ते काय होतं गं? मी गाडी बाजूला घेऊन उभी आहे." धाकटीने फोन कानाला तसाच धरून आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि खूप रडली. आई म्हणाली, "अगं, क्रीम लागेल केसांना."

आल्बम ठरल्या तारखेला निघाला. लोकांनी वाखाणला. एका बोटीच्या कप्तानाने तो ऐकून भर समुद्रात इंजिन बंद करायला लावलं आणि सगळ्या खलाशांना झोपायला पाठवलं, असं मी ऐकून आहे. सगळ्यांनी लिहिलं की शेवट फार धाडसाचा आहे. आवाज एकाएकी थांबतो आणि आपल्याला कळतं की आपण इतका वेळ तो ऐकत होतो.

नवा फ्रिज आला. तो आवाजच करत नाही. पाहुण्यासारखा उभा असतो. माणसं मला उचलायला लागली तेव्हा आईने त्यांना अडवलं. "हा नाही जायचा," ती म्हणाली. "तळमजल्यावरच्या पोरांना पुस्तकं ठेवायला कपाट हवंय." माझी जळलेली मोटर तेवढी ते काढून घेऊन गेले. तेव्हापासून मी हलका आहे, आणि कितीही विश्रांती घेतली तरी शीण जात नाही.

तर मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या घरातही कोणीतरी सारखं चालू असेल. इतकं सारखं, की त्याचा आवाज तुम्हाला ऐकू येईनासा झाला असेल. एकदा जवळ जाऊन त्याच्या पाठीला हात लावून बघा, तापलीय का. आणि तुम्ही स्वतः थकलात तर माझा आदर्श ठेवा. कोणी सांगायची वाट बघू नका. नेमकं कुठे थांबायचं हे ओळखणं ही फार मोठी कला आहे, आणि मी त्या दुपारी तो क्षण स्वतः निवडला. अगदी स्वतःच्या मर्जीने, त्या एका सुरावर, मी माझा मी...

"खोटं!"

दारात केककाकू उभ्या होत्या. हातात परत आलेल्या पुस्तकांची चळत, कपाळावर घाम.

"अरे लबाडा, तुला कुठे थांबता येत होतं? ऐकू नका रे पोरांनो याचं. प्लग मी काढला. गाणं अजून थोडं उरलं होतं, तेही मला ठाऊक होतं. पण त्याच्या पाठीला हात लावला आणि म्हटलं, जाऊ दे ते गाणं. याला आता कोणीतरी थांबवलं पाहिजे."